हाताची घडी

कार्तिक वद्य ६, शके १८६७. तेर.

मठाच्या विरुपाक्षअय्यांनी आज माझ्या पोरीला नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तर सोसलं असतं. पान चघळत, हसत नाही म्हटलं.

माघात मठात दीक्षा आहेत. गावातल्या आठ-नऊ वर्षांच्या सगळ्या पोरापोरींची नावं घेतली. आम्हा लिंगायतांत जन्मल्यावर पाळण्याला लिंग बांधतात ते नुसतं बांधलेलं असतं. गुरूनं डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि तळहातावर लिंग दिलं, की मग ते आपलं. माझ्या रुद्रम्माला नववं लागलं, म्हणून नाव द्यायला गेलो. अय्या म्हणाले, "मास्तर, मंत्र सांगू कुठं? पोरीला कानच न्हाईत."

कान आहेत. चांगले दोन आहेत, त्यात बुगड्या घालतो आम्ही. ऐकू येत नाही, इतकंच. मी म्हटलं, डोकं धड आहे, तळहात धड आहे, मग एका कानापायी अडवता? तर म्हणाले, मंत्र आत गेला हे मला कळावं कसं? आणि मग ती अट घातली. "पंचाक्षरी तिच्या तोंडून ऐकवा. त्याच दिवशी लिंग देतो."

जन्माची मुकी पोर 'नमः शिवाय' म्हणणार! बसलेले चौघं फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच म्हणालो, ऐकवीन.

दीक्षा नाही म्हणजे काय, हे त्या हसणाऱ्यांना ठाऊक नाही असं नाही. त्या पोरीनं आणलेलं पाणी पूजेला चालत नाही. पंगतीत तिला कडेला बसवतात. सोयरीक तर लांबच. मेली तर जंगम यायला कुरकुरतो. आणि हे मला माझ्या हातानं नऊ वर्षांच्या लेकराबद्दल लिहावं लागतंय.

शाळेच्या हजेरीपटावर सरकारी फसली साल लिहितो. घरात तरी आपली तिथी लिहू द्या.


कार्तिक वद्य ९

रुद्रीला घेऊन छोट्या गाडीनं बार्शीला गेलो. तिथं एक डॉक्टर नवीन आलाय. त्यानं कानात दिवा धरून बघितलं, फी घेतली, म्हणाला जन्मापासूनचं आहे, इलाज नाही. एवढ्यासाठी आख्खा दिवस.

निघताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, विलायतेत अशा मुलांना बोलायला शिकवतात, फक्त हातवारे करू देत नाहीत. हात चालले की जीभ आळसावते.

मी दारात थबकलो. नऊ वर्षं झाली. कानात तेलं ओतली, ताईत बांधले, तीन हकीम केले, थोरल्या अक्कानं ईट गावाहून कसला पाला पाठवला तोही वाटून लावला. या नऊ वर्षांत एकानं, एका माणसानं मला समोर बसवून सांगितलं नाही, की मास्तर, लेकरू असं असलं तर आईबापानं असं असं करायचं. सगळे आले ते चुकचुकायला आले. आणि कामाची गोष्ट कळते ती अशी, दारात, जोडे घालताना.

आता बघतो. पहिलीची तीस पोरं मी आठ दिवसांत सरळ करतो. हाताची घडी म्हटलं की वर्गात माशी फिरत नाही. एक पोर जड आहे काय?


मार्गशीर्ष शुद्ध २

आजपासून शिकवणी. सकाळी शाळेच्या आधी एक तास, दिवेलागणीला एक तास.

तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा, मी 'न' म्हणायचं, तिला थरथर लागते. तोंडापुढं कापसाचा पेळू धरायचा, 'शि' म्हटलं की हलतो. हे मीच शोधून काढलं. बाकी वेळ हाताची घडी.

घडी काही टिकेना. दर दोन पळांनी हात सुटतात आणि आईकडं बघून बोटं नाचवायला लागते. शेवटी बायकोच्या, शिवकांताच्या, जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि घडी घातलेल्या हातांवरून बांधला. मऊ सूत आहे, लागत नाही. पोरीला वाटलं खेळ आहे. हसत होती.

शिवकांता चुलीपुढून उठून आली. म्हणाली, बांधून ठिवल्यावर भूक लागली तर सांगंल कशी? मी म्हटलं, तोंडानं. ती चुलीकडं परतली. भाकरी मात्र दोन करपवल्या.


मार्गशीर्ष शुद्ध ५

चावली. मनगटावर दात उठलेत. शाळेत बाही खाली ओढून बसलो.


मार्गशीर्ष वद्य १

मला घरातूनच सुरुंग लागतोय, हे आज कळलं.

समोरच्या बोळात बेगमबी राहते. तिचा आयुब जन्माचा बहिरा, आता तीस-बत्तीसचा बाप्या आहे, बाजारात भांड्यांना कल्हई करतो. मी शाळेत गेलो की शिवकांता रुद्रीला घेऊन त्यांच्याकडं जाऊन बसते. आज मधल्या सुट्टीत घरी आलो तर दाराला कडी. बोळात डोकावलो. आयुब भट्टीपुढं बसलाय, हातानं काहीतरी सांगतोय, आणि माझी पोर पोट धरून हसतीये. शिवकांतासुद्धा. तिचेही हात चाललेले! मास्तराची बायको, आणि भर बोळात हातवारे.

म्हणजे मी सकाळी बांधायचं आणि यांनी दुपारी सोडायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोघींना घेऊन निघालो, तर बेगमबी उंबऱ्यात येऊन म्हणाली, "मास्तरसाब, हात बांधे तो वो बात कैसा करेगी? हमारे आयुबके हात कोई नै बांधे. खाता है, कमाता है, चार लोगोंमें बैठता है."

मी म्हटलं, तुमच्या आयुबला दीक्षा घ्यायची नाहीये.

शिवकांताला बजावलं की उद्यापासून त्या बोळात जायचं नाही.


पौष शुद्ध ४

अक्का ईटहून आली. शांताक्का, माझी थोरली बहीण. बैलगाडीतून उतरून ओसरीवर टेकली तोच रुद्रीनं आपण होऊन तांब्या भरून आणला. पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. दमलेलं माणूस बघितलं आणि आणला.

अक्कानं तांब्या हातात घेतला नाही. बाजूला ठेव म्हणून बोट दाखवलं आणि शिवकांताला हाक मारली, जरा पाणी दे गं म्हणून.

मी म्हटलं, अक्का, हे काय? ती म्हणाली, मी सोमवार धरलेत, दीक्षा नसलेल्याचं कसं घेऊ, तूच सांग. वर म्हणाली, अशा लेकराला मठात द्यावं, झाडलोट करंल, दोन घास खाईल, तुझ्या डोक्याचा भार जाईल.

भार! मी तिला सांगितलं की या घरात पाणी प्यायचं तर याच तांब्यातलं, नाहीतर बैल अजून सोडलेले नाहीत. थोरल्या बहिणीला असं कधी बोललो नव्हतो. ती रडली. तासाभरानं प्याली, पण तोंड वळवून.

रुद्री खांबाआडून सगळं बघत होती. तिला काय कळलं देव जाणे. ऐकू येत नाही तेच बरं, असं आज वाटलं. तर शिवकांता म्हणते, तिला सगळं कळतंय, ऐकू येणाऱ्यापरीस जास्त कळतंय. काहीच्या बाहीच.

संध्याकाळी पाठ नेहमीसारखा घेतला.


पौष शुद्ध ७

बाजारच्या दिवशी वाशीची गौराबाई म्हणून एक बाई कडेवर लेकरू घेऊन बोळात आली. दोन वर्षांची पोर, हाकेला वळत नाही. सासरचे म्हणतात हिच्याच पोटाचा दोष. बेगमबीकडं अशा बाया येतात म्हणे, तालुक्याबाहेरूनसुद्धा. मला पत्ताच नव्हता. ती कल्हईवाल्याची आई त्यांना काय शिकवते, तर लेकराला पाठीमागून हाक मारू नका, समोर या. जमिनीवर पाय आपटा म्हणजे त्याला थरथर लागते. भाकरी देताना भाकरीची खूण करा, रोज तीच करा. आणि लेकरापुढं रडू नका. ही काय विद्या झाली? पाय तर आम्ही म्हशीलाही आपटतो.

बिचारी बाई ऐकत होती आणि माना डोलवत होती. मला राहवेना. ओसरीवर बोलावून सगळं शास्त्र नीट समजावलं. हात बांधा, आत्तापासून बांधा, माझ्यासारखी नऊ वर्षं फुकट घालवू नका. काठ कसा बांधायचा तेही दाखवलं. ती पाया पडून गेली.

या मुलखात लोकांना सांगणारं कुणी नाही, हीच रड आहे. मी सांगणार.


संक्रांत

आज मोठी गोष्ट झाली. काठाची गरज संपली.

मी ओसरीवर पाऊल टाकलं की रुद्री आपोआप घडी घालते. बांधावं लागत नाही, दटावावं लागत नाही. आज तिळगूळ द्यायला गेलो तर हात पुढं करीना. तोंड उघडून उभी राहिली. मी तोंडात घातला. इतकी शिस्त माझ्या वर्गातल्या पोरांनाही नाही.

'मा' येतंय. 'वा' येतंय. 'न'च्या जागी 'अ' निघतो. बोलण्याचा आवाज कसा, जरा घोगरा, पण आवाज आहे. माझ्या पोरीचा आवाज आहे! शेजारच्या पोरांनी दारात उभं राहून नक्कल केली तेव्हा छडी घेऊन देवळापर्यंत धावलो त्यांच्यामागं.

शिवकांता आताशा माझ्याशी कामापुरतं बोलते.


माघ शुद्ध ६

"अ मा शि वा."

चार अक्षरं. 'शि' स्वच्छ. पेळू नसताना. य नाही, पण कोण मोजतंय. मी तिला उचलून घेतलं आणि ओसरीभर फिरलो. पोर हलकी लागली. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले नाहीत, घडी तशीच होती, तिची हाडं माझ्या छातीला टोचली. एवढं कडक नको, सुट्टीच्या वेळी सोडलेस तरी चालतील, असं म्हणालो. पण हे तिला सांगायचं कसं ते सुचलं नाही.

अय्यांना निरोप धाडला, नाव लिहून घ्या.


माघ वद्य ९, सोमवार

सगळं जसंच्या तसं लिहितो.

मठात चौदा मुलं होती. रुद्रीची पाळी शेवटी ठेवली, ते चालायचंच. सगळं गाव जमलेलं, कारण तमाशा बघायचा होता ना. बाया डाव्या बाजूला. मी अय्यांच्या खांद्यामागं उभा राहिलो, म्हणजे रुद्रीला माझं तोंड दिसावं. नवं परकर-पोलकं, कपाळाला विभूती. मी ओठ हलवले. ती म्हणाली.

"अ मा शि वा."

कुणी हसलं नाही. एक म्हातारी रडायला लागली. अय्यांच्या तोंडचं पान थांबलं. माणूस शब्दाला पक्का निघाला, हे कबूल करतो. म्हणाले, "आली." पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. वाकून तिच्या कानात मंत्र सांगितला, पूर्ण, बाकीच्या पोरांना सांगितला तसाच. माझ्या डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं.

मग त्यांनी लिंग उचललं आणि म्हणाले, हात पुढं कर.

रुद्रीनं माझ्याकडं बघितलं आणि हाताची घडी घातली.

मला वाटलं कळलं नाही. मी ओठांनी म्हणालो, हात. तिनं घडी आवळली. मी मोठ्यानं म्हणालो, हात, हात पुढं! तीन महिने माझ्या तोंडून हा शब्द तिनं एकाच कामासाठी बघितलाय. तिनं पंजे काखेत खुपसले. बोटं पांढरी पडली.

अय्या थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, पोर लिंग नाकारतीये. झालं, तेवढं पुरलं. कुजबूज सुरू झाली, अपशकुन आहे, देवालाच मान्य नाही, घरी न्या. आता हसणारे चौघं कुठं बसलेत ते मला न बघता कळत होतं. मी पुढं गेलो आणि तिचे हात ओढायला वाकलो. तिनं डोळे मिटून घेतले आणि मान खांद्यात घातली. मार चुकवताना पोरं घालतात तशी. मी तिला एकदाही मारलेलं नाही. देवाशपथ, एकदाही नाही.

शिवकांता बायांमधून उठली. सगळ्या गावादेखत पुरुषांच्या बाजूला आली. आवाज चढवला नाही.

"तुम्ही बाहेर व्हा. तुमच्यासमोर ती हात सोडायची न्हाई."

मी म्हणालो, मी? मी बाहेर होऊ? मी हे सगळं कुणासाठी...

"व्हय," ती म्हणाली. "मुहूर्त चाललाय. जावा."

मी गेलो. ज्या क्षणासाठी तीन महिने जिवाचं रान केलं, त्या क्षणी मी बाहेर जोड्यांच्या ढिगाशी उभा. आतलं काही दिसत नव्हतं. पंगतीची पातेली कल्हई करायला आयुबला बोलावलं होतं, तो भिंतीकडेला भट्टी मांडून बसला होता, त्याच्या जागेवरून खिडकीतलं दिसत असावं. त्यानं माझ्याकडं बघितलं. हातातली सांडशी खाली ठेवली. मग एक तळहात पुढं पसरला, दुसऱ्या हातानं त्यावर काहीतरी अलगद ठेवलं, मूठ मिटली आणि मूठ छातीशी नेली. आणि मान हलवली.

मिळालं. आत 'हर हर महादेव' झालं ते त्यानंतर.


माघ वद्य ११

दोन दिवस झाले, त्या दोघी मायलेकी बोलतायत, स्वयंपाकघरात, हातांनी. मी गेलो की थांबतात.

मला अपमान सहन होत नाही, हे खरं आहे. पण दीक्षा कुणामुळं मिळाली? मी पाठ घेतला नसता तर अय्यांनी लिंग उचललं तरी असतं का? हे मी शिवकांताला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यामुळंच मिळाली. आणि तुमच्यामुळंच जात हुती." वर आणखी सांगते, गौराबाईला तिनं त्याच आठवड्यात वाशीला निरोप धाडलाय, की मास्तरांचं ऐकू नका, लेकराचे हात मोकळे ठेवा. माझ्या पाठीमागं! दीड महिना माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कारभार चाललाय आणि मी शहाणपणा शिकवतोय जगाला.

आणि मला कुणी सांगायचं होतं? अय्यानं अट घातली, डॉक्टरनं अर्धं वाक्य टाकलं. शिवकांतानं चुलीपुढून सांगितलं, बेगमबीनं उंबऱ्यात सांगितलं. हो, सांगितलं. पण असं का सांगायचं असतं? माझ्यासारख्या माणसाला दोन कानाखाली ओढून सांगावं लागतं.


फाल्गुन शुद्ध ३

सकाळी आंघोळ करून विभूती लावत होतो. शिवकांता ज्वारी पाखडत होती. रुद्री परसात होती, लिंगाची पूजा झाली की ती आता सगळ्यांच्या आधी पाणी आणते. अक्काही मागच्या आठवड्यात तिच्या हातचं प्याली, निमूट.

मी विचारलं, हातांनी तुला ती काय म्हणून हाक मारते? शिवकांतानं गालावरच्या तिळाला बोट लावलं. आयुबला हवेत पातेलं घासल्यासारखं करते. अक्काला तांब्या बाजूला सारते. म्हणजे पोरीला तेही कळलं होतं.

मग विचारलं, आणि मला?

ती पाखडत राहिली. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, आधी कपाळावर तीन बोटं ओढायची, तुमची विभूती. मी म्हटलं, आणि आता? तिनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हात छातीवर आणून घट्ट घडी घातली, पंजे काखेत, आणि मान खाली.

मला संताप आला. इतका आला की उठून उभा राहिलो, आणि कुणावर काढावा ते कळेना. अय्यांवर नाही, डॉक्टरवर नाही, शिवकांतावर तर नाहीच. परसाच्या दारात गेलो. रुद्रीनं जमिनीतून माझं पाऊल ओळखलं आणि तांब्या खाली ठेवून घडी घातली. मी कपाळावर तीन बोटं ओढली. ती बघत राहिली. परत ओढली. तिनं घडी सोडली नाही.

शाळेची वेळ झाली होती. गेलो. वर्गात पाऊल टाकलं तशी पोरं उठली, बसली, आणि मी तोंड उघडायच्या आधी तीसच्या तीस पोरांनी हाताची घडी घातली. मी म्हणालो, हात खाली घ्या रे. कुणी घेईना.